वीस संगणक आणि एक साचा

प्रश्न : आमच्या शाळेच्या संगणक कक्षात एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे वीस नवे संगणक आले आहेत. प्रत्येकावर विंडोज, ऑफिस, मराठी कळफलक, टायपिंगची आणि प्रोग्रॅमिंगची सॉफ्टवेअर टाकायची आहेत. पहिल्या संगणकालाच अर्धा दिवस लागला. कुणी म्हणतं घोस्ट करा, कुणी क्लोनझिला सुचवतं, कुणी फॉग. एक संगणक तयार करून त्याची हुबेहूब प्रत बाकीच्यांवर टाकता येते का? आणि त्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर निवडावं?
— एक संगणक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : अर्धा दिवस गुणिले वीस म्हणजे दहा दिवस. इतके दिवस कक्षाला कुलूप ठेवणं कोणत्याच शाळेला परवडणार नाही, म्हणून तुमची धडपड अगदी योग्य आहे. एक संगणक नीट तयार करून त्याची प्रत बाकीच्या एकोणीस संगणकांवर टाकता येते, आणि त्यासाठी लागणारं चांगलं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. मात्र तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत : प्रत कशाने काढायची, आणि प्रत नेमकी कशाची काढायची. चर्चा होते ती पहिल्यावर. काम अडतं ते दुसऱ्यापाशी. दोन्ही क्रमाने सोडवू.

नुसतं कॉपी-पेस्ट का चालत नाही?

सी ड्राइव्ह उघडून सगळं निवडलं आणि दुसऱ्या डिस्कवर टाकलं, तर काम होईल असं पुष्कळांना वाटतं. तसं केल्यावर दुसरा संगणक सुरूच होत नाही. संगणक चालू होताना आधी डिस्कवरचा एक छोटा विभाग वाचला जातो, त्याला ईएफआय विभाग म्हणतात. तो एरवी आपल्याला दिसतच नाही, त्यामुळे कॉपीत येत नाही. शिवाय विंडोज चालू असताना तिच्या स्वतःच्या रजिस्ट्रीच्या फाइली वापरात असतात, त्यांना हात लावू दिला जात नाही. आणि कोणती फाइल कोणी वाचायची, कोणी बदलायची याची जी परवानगी प्रत्येक फाइलला चिकटलेली असते, ती साध्या कॉपीत सांडते.

म्हणून विंडोज बंद ठेवायची, पेनड्राइव्हवरून दुसरीच एक छोटी प्रणाली सुरू करायची, आणि तिच्याकडून सगळ्या डिस्कची, विभागांच्या आखणीसकट, नोंद करून घ्यायची. या नोंदीला डिस्क इमेज म्हणतात. इमेज म्हटल्यावर चित्र डोळ्यांपुढे येतं, पण मराठीत 'साचा' हा शब्द या कामाला जास्त नेमका बसतो.

इथे एक शंका हमखास येते : डिस्क ५१२ जीबीची असेल तर साचाही ५१२ जीबीचा होणार का? नाही. चांगलं सॉफ्टवेअर डिस्कवरचे कोणते खण भरलेले आहेत याची यादी आधी वाचतं आणि रिकामे खण सोडून देतं. जे उरतं तेही दाबून बसवतं. विंडोज आणि सगळी सॉफ्टवेअर मिळून ४० जीबी जागा व्यापली असेल, तर साचा त्याहून लहानच होतो आणि ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये मावतो.

पर्याय कोणते?

घोस्ट हे नाव तुमच्या कानावर आलं, कारण एके काळी या कामाचं नावच ते होतं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरातल्या बायनरी रिसर्च या कंपनीने नव्वदच्या दशकात ते बनवलं. १९९८ साली सिमँटेकने ते विकत घेतलं आणि पुढे नॉर्टन घोस्ट म्हणून ते जगभर पसरलं. दुरुस्तीवाल्यांच्या तोंडी 'घोस्ट करून देतो' हे वाक्य अजून आहे. पण नॉर्टन घोस्टची विक्री २०१३ सालीच थांबली, आणि जुन्या सीडीवरची आवृत्ती आजच्या यूईएफआय पद्धतीच्या संगणकांसाठी आणि एनव्हीएमई डिस्कसाठी बनवलेलीच नाही. तो पर्याय मनातून काढून टाका. त्याच नावाखाली 'सगळं भरलेली तयार विंडोज' कुणी देऊ केली, तर तीही घेऊ नका. दुसऱ्याने काढलेल्या साच्यात काय दडलंय हे तपासायला तुमच्याकडे साधन नसतं.

आज विचार करण्याजोगे मोफत मार्ग तीन आहेत. पहिला क्लोनझिला. तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात हे मुक्त सॉफ्टवेअर घडलं. ते पेनड्राइव्हवर बसवायचं, संगणक त्यावरून सुरू करायचा, आणि निळ्या-करड्या पडद्यावरच्या प्रश्नांना बाणांच्या कळा आणि स्पेसबार वापरून उत्तरं देत जायचं. दिसायला जुनाट आहे, पण विंडोज आणि लिनक्स दोन्ही हाताळतं. आणि एकाच वेळी अनेक संगणकांवर साचा पाठवायची सोयही त्यात आहे.

दुसरा फॉग. हेही मुक्त सॉफ्टवेअर, पण ते पेनड्राइव्हवर येत नाही. त्यासाठी लिनक्स चालवणारा एक संगणक सर्व्हर म्हणून बाजूला ठेवावा लागतो. कक्षातले सगळे संगणक एकदा त्याच्याकडे नोंदवले, की पुढचं काम टेबलावर बसून ब्राउझरमधून होतं : सात नंबरचा संगणक बिघडला, त्याच्यावर पुन्हा साचा टाक, नाव 'लॅब-०७' ठेव. पण हा सर्व्हर उभारणारं आणि सांभाळणारं कुणीतरी शाळेत हवं.

तिसरा मार्ग मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा. यात विम प्रकारची फाइल तयार होते. ती डिस्कच्या खणांऐवजी फाइलींची नोंद ठेवते, त्यामुळे डिस्कचा आकार किंवा विभागांची आखणी वेगळी असली तरी अडत नाही. वेगवेगळ्या मॉडेलांचे संगणक असतील तर हा मार्ग चांगला. पण त्यासाठी डिझम नावाच्या साधनाच्या आज्ञा शिकाव्या लागतात, आणि सगळे संगणक एकसारखे असताना तो खटाटोप करण्याची गरज नाही.

पैसे देऊन घेण्याची सॉफ्टवेअरही आहेत. ॲक्रॉनिसचं स्नॅप डिप्लॉय हे खास याच कामासाठी आहे, पण परवान्याचा हिशोब यंत्रांच्या संख्येवर होतो. मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती अनेकांच्या आठवणीत आहे. ती कंपनीने बंद केली आहे. सशुल्क सॉफ्टवेअरमध्ये पडदे देखणे असतात आणि अडलं तर विचारायला माणूस असतो. वीस संगणकांच्या शाळेला एवढ्यासाठी खर्च करण्याचं कारण मला दिसत नाही.

साच्यात काय असू नये?

आता खरा मुद्दा. पेणच्या कारखान्यांत एका साच्यातून शेकडो गणपती निघतात, पण डोळ्यांची आखणी प्रत्येक मूर्तीवर स्वतंत्र होते. साचा आकार देतो, नजर देत नाही. संगणकाच्या साच्याचंही तसंच आहे. विंडोज, ऑफिस, कळफलक, फॉन्ट हे सगळं साच्यात हवं. संगणकाची ओळख मात्र साच्यात असता कामा नये.

ओळख म्हणजे काय? एक तर संगणकाचं नाव. एकाच नेटवर्कवर दोघांचं नाव 'लॅब-०१' असेल तर शेअर केलेला प्रिंटर कोणाचा, हे ठरत नाही. दुसरं, विंडोज बसवताना तयार होणारा एसआयडी हा लांबलचक क्रमांक. तिसरं, दूरवरून मदत घेण्यासाठीचं सॉफ्टवेअर टाकलेलं असेल तर त्याचा क्रमांक. तो साच्याबरोबर गेला, की एक संगणक जोडायला जावं आणि दुसराच उघडावा, असं होतं.

याउलट काही गोष्टींची लोकांना विनाकारण धास्ती असते. 'सगळ्यांचा मॅक पत्ता एकच होईल का?' असं विचारतात. होत नाही, कारण तो नेटवर्क कार्डात असतो, डिस्कवर नाही. विंडोजसकट विकत घेतलेल्या संगणकांची विंडोजची कीदेखील विंडोज ८ च्या काळापासून मदरबोर्डच्या चिपमध्येच ठेवलेली असते. डिस्क पुसली तरी ती जात नाही.

एसआयडीबद्दल तुम्हाला दोन टोकांची मतं ऐकायला मिळतील, आणि त्यामागे कारण आहे. हा क्रमांक बदलून देणारं न्यूएसआयडी नावाचं साधन बनवणारे मार्क रुसिनोविच यांनीच २००९ साली लिहिलं, की दोन संगणकांचा एसआयडी एक असल्याने प्रत्यक्षात बिघाड होतो हा समज चुकीचा आहे. ते साधनही मागे घेतलं गेलं. तेव्हापासून 'ओळख पुसायची गरज नाही' असं अनेक तंत्रज्ञ सांगत आले. पण सरळ क्लोन केलेल्या विंडोजला मायक्रोसॉफ्टची मान्यता तेव्हाही नव्हती. ऑगस्ट २०२५ अखेरीपासूनच्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ या आवृत्त्या एसआयडी तपासू लागल्या, आणि तो सारखा असलेल्या संगणकांना एकमेकांवर लॉगिन करू देईनाशा झाल्या. शेअर केलेलं फोल्डर उघडेना, रिमोट डेस्कटॉप जोडेना. म्हणजे वर्षानुवर्षं चाललेला शॉर्टकट एका अपडेटमध्ये बंद पडला. म्हणून ओळख पुसा, अपवाद करू नका.

ओळख पुसायची कशी?

विंडोजमध्येच त्यासाठी सिसप्रेप नावाचं साधन आहे, वेगळं काही आणावं लागत नाही. नवा संगणक सुरू केला की देश आणि कळफलक विचारणारा पहिला पडदा येतो. तिथेच कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबा. विंडोज ऑडिट मोड नावाच्या तयारीच्या अवस्थेत उघडते. कुणाचंही खातं तयार होत नाही. याच अवस्थेत सगळी सॉफ्टवेअर टाका, मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक जोडा, प्रिंटर बसवा. मायक्रोसॉफ्ट स्टोअर मात्र उघडू नका. स्टोअरमधलं एखादं ॲप एकाच वापरकर्त्यापुरतं बसलं, की सिसप्रेप तिथेच अडतं आणि लोकांचा दिवस जातो.

सगळं मनासारखं झालं की सिसप्रेपच्या छोट्या चौकटीत तीन गोष्टी निवडा : आऊट ऑफ बॉक्स हा पर्याय, त्याखाली 'जनरलाइज' वर खूण, आणि शेवटी 'शटडाउन'. संगणक बंद होईल. आता तो साचा घ्यायला तयार आहे, आणि इथे एक पथ्य पाळायचं : साचा घेईपर्यंत तो विंडोजमध्ये पुन्हा सुरू करायचा नाही. सुरू केलात तर तो स्वतःची नवी ओळख तयार करून मोकळा होतो आणि पुसण्याचं काम पुन्हा करावं लागतं. चालू करताना बूट मेनूची कळ, बऱ्याच कंपन्यांच्या संगणकांत ती एफ१२ किंवा एफ९ असते, दाबून थेट क्लोनझिलाच्या पेनड्राइव्हवर जायचं.

कक्षात लिनक्सही ठेवणार असाल तर तिथेही हाच नियम आहे. उबुंटूमध्ये मशीन-आयडी नावाची एक फाइल असते. ती पुसली नाही, तर सगळे संगणक राउटरला एकच वाटू शकतात आणि त्यांना एकच आयपी पत्ता मिळतो. मग एक चालू केला की दुसऱ्याचं इंटरनेट जातं. शिक्षक केबल बदलत बसतात आणि दोष साच्यात असतो.

वाटेतले तीन खड्डे

पहिला बिटलॉकर. नव्या विंडोज ११ मध्ये डिस्कचं एन्क्रिप्शन अनेकदा आपोआप चालू होतं. अशी डिस्क बाहेरून पाहिली तर कोणता खण भरलेला आणि कोणता रिकामा हे कळत नाही. मग सॉफ्टवेअरला आख्खी डिस्क उचलावी लागते आणि साचा खरोखरच ५१२ जीबीकडे सरकतो. म्हणून सिसप्रेपच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन एन्क्रिप्शन बंद करा आणि ते पूर्ण उलगडेपर्यंत थांबा.

दुसरा डिस्क न दिसण्याचा. क्लोनझिला सुरू होतं, पण यादीत डिस्कच नसते. बऱ्याच नव्या इंटेल संगणकांत बायोसमध्ये व्हीएमडी किंवा रेड ही पद्धत चालू ठेवलेली असते. ती एएचसीआयवर आणली की डिस्क दिसते. मात्र विंडोज टाकून झाल्यावर ही पद्धत बदलली तर विंडोज सुरू होत नाही, म्हणून ही सेटिंग अगदी आरंभी पाहायची, आणि वीसही संगणकांवर सारखी ठेवायची.

तिसरा आकाराचा. ज्या डिस्कवर साचा उतरवायचा ती मूळ डिस्कइतकी किंवा मोठी हवी. एकाच मॉडेलमध्येही दोन कंपन्यांच्या डिस्क निघू शकतात, आणि '५१२ जीबी' लिहिलेल्या दोन डिस्कांत थोडा फरक असू शकतो. वीसही डिस्कांचे नेमके आकडे पाहून सगळ्यांत लहान डिस्कच्या संगणकावर साचा तयार करा. मग हा खड्डा येतच नाही.

वीस संगणकांवर पोचवायचा कसा?

एक पेनड्राइव्ह घेऊन एकेका संगणकापाशी जाणं हा सगळ्यात साधा मार्ग. पाच-सहा संगणक असतील तर तोच बरा. विसांसाठी मात्र नेटवर्कचा हिशोब पाहा. साचा ३० जीबीचा धरू. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी जातात, म्हणजे कागदावर ४ मिनिटं. जुना शंभर एमबीपीएसचा स्विच असेल तर तोच साचा जायला ४० मिनिटं. एकोणीस संगणकांना एकामागून एक पाठवला तर पहिल्या स्थितीत सव्वा तास, दुसऱ्या स्थितीत साडेबारा तासांहून जास्त. डिस्कवर लिहायचा वेळ धरला तर प्रत्यक्षात याहून अधिकच लागतो.

यावरचा उपाय म्हणजे मल्टिकास्ट. वर्गात फळ्यापाशी उभं राहून एकदाच सांगितलं की सगळी मुलं एकाच वेळी लिहून घेतात, तसं यात साचा एकदाच सोडला जातो आणि एकोणीसही संगणक तो एकाच वेळी उतरवून घेतात. क्लोनझिलामध्ये 'लाइट सर्व्हर' नावाचा पर्याय आहे. एका संगणकावर तो सुरू करायचा, किती संगणक जोडले गेल्यावर आरंभ करायचा तो आकडा द्यायचा, आणि बाकीचे संगणक नेटवर्कवरून सुरू करायचे. यासाठी केबलच हवी, वायफाय चालणार नाही.

मल्टिकास्टचा वेग सगळ्यात हळू संगणकावर ठरतो, हे लक्षात असू द्या. गिगाबिटसाठी केबलमधल्या आठही तारा शाबूत लागतात. टोकाच्या क्लिपमध्ये एक तार जरी निसटलेली असेल, तरी तो संगणक शंभर एमबीपीएसवर उतरतो आणि त्याच्यासाठी बाकीचे अठरा रखडतात. अशा वेळी सॉफ्टवेअरला नावं ठेवली जातात. स्विचवरचे दिवे आधी पाहा. ज्या तोंडाचा दिवा इतरांपेक्षा वेगळा, तिथली केबल बदला.

साचा उतरवताना क्लोनझिला 'या डिस्कवरचं सगळं जाईल, पुढे जायचं का' असं दोनदा विचारतं. दोन्ही वेळा हात थांबवून पडद्यावरचं डिस्कचं नाव आणि आकार वाचा. 'सेव्ह' म्हणजे डिस्कवरून साचा घेणं आणि 'रिस्टोअर' म्हणजे साचा डिस्कवर टाकणं. ही दिशा चुकली तर अर्ध्या दिवसाची मेहनत पुसली जाते आणि परत येत नाही.

परवान्याचं काय?

साचा टाकता येतो म्हणून परवाना मिळतो असं नाही. प्रत्येक संगणकाबरोबर विंडोजचा परवाना आलेला असला, तरी कंपनीने भरून दिलेली विंडोज उचलून बाकीच्यांवर टाकायची मुभा त्यात नसते. मायक्रोसॉफ्टच्या नियमाप्रमाणे साच्यासाठी व्हॉल्यूम लायसन्सची विंडोज वापरायची असते. त्यासाठी संस्थेकडे त्याच आवृत्तीचा किमान एक व्हॉल्यूम परवाना लागतो. शाळांसाठी वेगळ्या दराची योजना असते, ती विक्रेत्याकडून लेखी मागवा. डोंगलवर चालणारी मराठी डीटीपीची सॉफ्टवेअर साच्यातून जातील, पण डोंगलशिवाय उघडणार नाहीत. लिनक्स आणि लिबरऑफिस यांना यातलं कोणतंच बंधन नाही.

तर मग निवडायचं काय?

तीन गोष्टींवरून ठरवा : संगणक किती, हे काम किती वेळा करायचं, आणि मॉडेल एकच आहे का. तीन-चार संगणक असतील तर साचा न काढता हातानेच बसवा. संख्या दहा ते चाळीस, मॉडेल एकच आणि काम वर्षातून एक-दोनदा असेल, तर क्लोनझिला. संगणक सतत बिघडत असतील, कक्ष दोन-तीन असतील आणि सर्व्हर सांभाळणारं माणूस असेल, तर फॉग. मॉडेल सरमिसळ असतील, तर मायक्रोसॉफ्टचा विमचा मार्ग.

तुमच्यासाठी माझा कौल क्लोनझिलाला. पण साचा एकदम एकोणीस संगणकांवर सोडू नका. आधी दोघांवरच टाका, दोन्ही शेजारी सुरू करा, नावं वेगळी द्या, एकावरून दुसऱ्याचं फोल्डर उघडा, मराठी टाइप करून प्रिंट काढा. हे सगळं जमलं की उरलेले सतरा एका दुपारचं काम. आणि तो साचा दोन वेगळ्या डिस्कांवर जपून, वरती तारीख लिहून ठेवा. वार्षिक प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी एखादा संगणक बसला, तर तोच साचा तासाभरात तुमचा कक्ष पुन्हा उभा करील.